बंदरावरचं हॉटेल आणि आपल्या वावरातला कापूस



जेवणं उरकली असतील. भांडी राहिली असतील तर राहू द्या थोडा वेळ. आज मी तुम्हाला मुंबईला नेणार आहे. तिथलं एक मोठं हॉटेल आणि त्याच्या आजूबाजूचं शहर पाहायचं आहे. तुम्ही म्हणाल, हॉटेलचं काय ऐकायचं? आपण कुठं तिथं राहायला जाणार? आमच्या गटातही दोघी असंच म्हणाल्या होत्या.

झालं असं, की आम्ही पाच जणी बचतगटाचा माल घेऊन मुंबईच्या प्रदर्शनाला गेलो होतो. ज्वारीचे पापड, सरगुंडे, कुरड्या, तुरीची डाळ. आठ दिवस मुंबईत राहून आम्ही मुंबई पाहिलीच नाही. मैदान, आमचा स्टॉल आणि झोपायचा हॉल, एवढंच. शेवटच्या दिवशी माल बऱ्यापैकी संपला होता आणि परतीची गाडी संध्याकाळची होती. सकाळीच सामान घेऊन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आलो, पिशव्या क्लोक रूममध्ये ठेवल्या. आता काय पाहायचं? कोणी म्हणे महालक्ष्मी, कोणी म्हणे राणीचा बाग. आमच्यातल्या काकू साठीच्या पुढच्या. एरवी गाडी सुटायच्या दोन तास आधी फलाटावर जाऊन बसणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मले ताज पाहाचं हाय. टीव्हीवर जळताना पाह्यलं होतं. आता उभं हाय का नाही ते पाहू दे."

त्यावर कोणी काही बोललं नाही. ठरलं.

मी आमच्या गावच्या वाचनालयात बसते, हे तुम्हाला माहीत आहे. निघायच्या आधी मुंबईबद्दल मिळालं तेवढं वाचून गेले होते. त्यामुळं गाईडचं काम माझ्याकडं आलं. पण सुरुवात हॉटेलापासून केली नाही. आपण उभ्या होतो त्या स्टेशनापासून केली, आणि त्याला कारण आहे.

स्टेशनातून बाहेर येऊन रस्ता ओलांडा आणि मागं वळून वर बघा. मधल्या मोठ्या घुमटावर एक बाई उभी आहे. उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक. तिचं नाव 'प्रगती'. आपण किती वेळा या स्टेशनात उतरलो, पण मान वर करून तिच्याकडं पाहिलं नाही, कारण आपलं लक्ष पिशवीकडं आणि लेकराकडं असतं. फाटकाच्या खांबांवर एकीकडं सिंह, एकीकडं वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे आपण. भिंतींवर मोर, माकडं, पानं, फुलं कोरली आहेत. त्यातलं बरंच काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं. १८७८मध्ये काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. नकाशा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या साहेबाचा. त्या साहेबाच्या हाताखाली सहायक इंजिनिअर होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. हे नाव लक्षात ठेवा. वैद्यांची गाठ पुन्हा पडणार आहे.

बसनं गेटवेला गेलो. उतरल्यावर आधी दिसतो तो समुद्र, मग ती मोठी कमान, आणि उजव्या हाताला ताजमहाल हॉटेल. करड्या दगडाच्या भिंती, मधोमध मोठा लाल घुमट, कोपऱ्यांवर छोटे घुमट, आणि खिडक्या, छज्जे, गॅलऱ्या. शेजारी उंच नवी इमारत आहे, ती बरीच नंतरची. काकू कितीतरी वेळ त्या घुमटाकडं पाहत राहिल्या. म्हणाल्या, "हाच तो. याच्यातूनच धूर निघत होता."

गेटवेवर फोटो काढणारी पोरं असतात, जागच्या जागी फोटो छापून देतात. त्यातल्या एकानं आम्हाला फोटोबरोबर एक गोष्टही दिली. म्हणाला, "ताई, हे हॉटेल उलटं बांधलंय. ज्या साहेबानं नकाशा काढला तो विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर समुद्राकडं पाठ! त्यानं तिथंच जीव दिला." आमच्या बाया हळहळल्या. ही गोष्ट मुंबईत शंभर वर्षं फिरते आहे आणि ती खरी नाही. खरं एवढंच, की पहिलं मोठं दार समुद्राकडं नव्हतं, मागच्या, शहराच्या बाजूला होतं. पाहुणा घोडागाडीतून शहराकडून येणार, म्हणून दार तिकडं. समुद्राची बाजू राहणाऱ्यांच्या खोल्यांना दिली. चूक नव्हे, ठरवून केलेलं. पुढं मोटारी आल्या, समोरचा रस्ता मोठा झाला, दार इकडं आलं, आणि मागं जिथं गाड्या थांबत तिथं आता पोहण्याचा तलाव आहे.

आणि नकाशा? हॉटेलचं काम सुरू झालं ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांच्या नकाशावर. होय, तेच वैद्य, स्टेशनवाले. पुढं ते काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनिअरनं पुरं केलं. बांधणारे ठेकेदार होते खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर. आतला मधला जिना त्यांनीच आखला. तो जिना खालून खांबाचा आधार न घेता भिंतीतून निघून हवेत वर जातो. आपल्या घराचा छज्जा जसा भिंतीतून बाहेर येतो ना, तशी एकेक पायरी. साहेबाच्या जीव देण्याची गोष्ट सगळ्या मुंबईला पाठ, आणि वैद्य, मिर्झा, सोराबजी ही नावं कोणाला सांगता येत नाहीत. मला याचा राग येतो. गोष्ट खोटी आहे म्हणून नाही. त्या गोष्टीत आपल्या माणसांना जागाच नाही म्हणून.

आता हे हॉटेल बांधलं कोणी ते सांगते. जमशेटजी नसरवानजी टाटा. जन्म १८३९चा, नवसारीचा. त्यांचा पैसा कुठून आला? इथं जरा नीट ऐका, कारण ही वाट आपल्या वावरातून जाते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. विलायतेच्या गिरण्यांना कापूस अमेरिकेतून जायचा, तो बंद झाला. मग साहेबाचं लक्ष आपल्या कापसाकडं गेलं. हिंगणघाटचा कापूस तेव्हा लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाट याच नावानं विकला जायचा. भाव असे चढले, की मुंबईत लोकांना पैसा ठेवायला जागा पुरेना. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी, शेअर घ्यायला झुंबड. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि सगळा डोलारा पडला. पेढ्या बुडाल्या. टाटांच्या पेढीलाही मोठा फटका बसला. कापसाचा भाव पडला की काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगू.

सावरल्यावर जमशेटजींनी विचार केला, की कापूस पिकतो तिथंच गिरणी का काढू नये? मुंबईत सगळे गिरण्या काढत होते, ते नागपूरला आले. १८६७मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली होती. तलावाजवळची दलदलीची जागा घेतली आणि भर घालायला सुरुवात केली. त्यांच्या चरित्रात एक किस्सा येतो. नागपूरच्या एका सावकारानं पैसा द्यायला नकार दिला, की जमिनीत सोनं गाडणाऱ्याला मी पैसा कशाला देऊ? पुढं तोच म्हणाला, की या माणसानं माती टाकली आणि सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ला राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं आणि त्याच दिवशी गिरणी सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस मिल. आपल्यापैकी कितीतरी जणींचे आजे, मामे तिथं कामाला होते. माझ्या आईचे मामा होते. ती गिरणी आता बंद आहे. तिथं मॉल उभा राहिला.

जमशेटजींच्या दौलतीचा पाया या गिरणीनं घातला. हॉटेलची कोणती वीट कोणत्या रुपयाची, असा हिशेब मांडता येत नाही आणि मी मांडत नाही. पण कापूस वेचणी तेव्हाही बायकाच करायच्या. कमरेला ओटी बांधून, बोंडाच्या काट्यांनी बोटं सोलून, वजनावर. त्या कापसाच्या गाठी रेल्वेनं मुंबईला जायच्या आणि कुलाब्याच्या बाजारात उतरायच्या. कुलाबा म्हणजे याच हॉटेलच्या पलीकडचा भाग. पुढं तो बाजार शिवडीकडं हलला. तिथल्या स्टेशनाचं नाव आजही कॉटन ग्रीन आहे. आपला कापूस या हॉटेलच्या आधी इथं येऊन गेलेला आहे.

हॉटेल का बांधलं, याचीही एक प्रसिद्ध गोष्ट आहे. वॉटसन हॉटेल नावाचं गोऱ्यांचं हॉटेल होतं, तिथून जमशेटजींना हाकललं, म्हणून त्यांनी चिडून त्याहून मोठं बांधलं. ऐकायला छान वाटते. पण इतिहासकार या गोष्टीवर फार विश्वास ठेवत नाहीत. मला स्वतःला दुसरं कारण पटतं. १८९६च्या पावसाळ्याअखेर मुंबईत गाठीचा प्लेग आला. बंदराजवळच्या मांडवी भागात सुरू झाला. लाखो माणसं गाठोडी उचलून गावाकडं पळाली. आपण २०२०मध्ये पाहिलं ना, तसंच. सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ला गेल्या, तोच हा प्लेग. मुंबईचं नाव घेतलं की लोक दचकायचे. अशा वेळी, मरीनं रिकाम्या होणाऱ्या शहरात, या माणसानं बंदरावर मोठं हॉटेल बांधायला घेतलं. मुंबईत माणसं यावीत एवढीच त्यांची इच्छा होती, हॉटेलवाला व्हायची हौस नव्हती, असं त्यांच्या ओळखीच्या लोकांनी लिहून ठेवलं आहे.

घरात मात्र कौतुक नव्हतं. त्यांची बहीण वैतागली होती म्हणतात. विज्ञानाची संस्था काढतो आहेस, लोखंडाचा कारखाना काढतो आहेस, आणि आता हा भटारखाना? हे वाचून मला हसू आलं. प्रत्येक घरात अशी एक बहीण असतेच, आणि तिचं म्हणणं अगदीच चूकही नसतं.

१६ डिसेंबर १९०३ला हॉटेल उघडलं. पहिल्या दिवशी पाहुणे होते सतरा. एवढ्या मोठ्या वाड्यात सतरा माणसं! विजेचे दिवे होते, अमेरिकेतून आणलेले पंखे, जर्मनीची लिफ्ट, स्वतःचं धुलाईघर. विजेच्या दिव्यांनी उजळलेली मुंबईतली पहिली इमारत म्हणून तिचं नाव घेतात. आमच्या गावात वीज आली तेव्हा मी तिसरीत होते आणि हे तर १९०३चं सांगते आहे. खोलीचं भाडं दहा रुपयांच्या आसपास सुरू व्हायचं आणि त्या काळी दहा रुपये म्हणजे कितीतरी घरांचा महिन्याचा खर्च. जमशेटजींना हे फार दिवस पाहायला मिळालं नाही. १९ मे १९०४ला ते जर्मनीत वारले.

हॉटेल उघडलं तेव्हा समोर गेटवे नव्हतं, हे ऐकून आमच्या बायांना नवल वाटलं. नुसता धक्का होता. त्याला इंग्रज अपोलो बंदर म्हणायचे. मूळ नाव पालवा बंदर, त्याचं साहेबाच्या तोंडी अपोलो झालं असं मानतात. १९११च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज राजा आणि मेरी राणी इथं उतरले, तेव्हा कमान होती ती पुठ्ठ्याची, देखाव्यापुरती. दगडाची कमान त्यांनी पाहिलीच नाही. ती पुरी होऊन खुली झाली ४ डिसेंबर १९२४ला. जॉर्ज विटेटनं आखली, उंची सव्वीस मीटर. राजासाठी बांधलेल्या या कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ला गोऱ्या फौजेची शेवटची तुकडी बाहेर पडली आणि बोटीत बसून गेली. आता तिच्यासमोर महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे. तो १९६१च्या प्रजासत्ताक दिनी उभा राहिला. आमच्यातल्या धाकटीनं आधी महाराजांना हात जोडले, मग फोटो काढला.

या हॉटेलनं बरंच पाहिलं. पहिल्या महायुद्धात त्याचं सहाशे खाटांचं इस्पितळ केलं होतं. सरोजिनी नायडू मुंबईत आल्या की इथं उतरायच्या आणि त्यांच्या खोलीत स्वराज्यवाल्यांची वर्दळ असायची. हे सगळं मी रस्त्यावर उभी राहून सांगत होते. आत जायचं कोणी म्हणत नव्हतं.

आणि मग जे झालं ते सांगायला लाज कशाची? काकूंना लघवीला जायचं होतं. सकाळपासून थांबल्या होत्या. बाहेरगावी बाईचा अर्धा जीव या एका गोष्टीत अडकलेला असतो, हे ऐकणाऱ्या सगळ्या जणी जाणतात. काकूंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, पदर खोचला आणि सरळ हॉटेलच्या दाराकडं चालू लागल्या. आम्ही मागून, "काकू, अहो काकू!" दारावर तपासणीचं यंत्र होतं. पिशव्या त्यातून गेल्या. माझ्या पिशवीतल्या पापडाच्या पुड्याकडं पोरीनं निरखून पाहिलं आणि हसली. फेटेवाल्या दरवानानं हात जोडून नमस्कार केला. काकूंनी मराठीत विचारलं, त्यानं मराठीत दाखवलं. झालं!

आत गार, फुलांचा वास, पायाखाली आपलं रूप दिसेल अशी फरशी. आम्ही दोन मिनिटं सोफ्याच्या काठावर टेकलो. एकीनं चपला सोफ्याखाली सरकवल्या. चहाचा दर पाहिला. पाहून कार्ड जिथलं तिथं ठेवलं. आम्हाला कोणी काही बोललं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. एके काळी कातडीचा रंग पाहून दार उघडायचं. आता दार उघडं असतं, आणि दरपत्रक पाहून आपण आपल्याच पायांनी बाहेर येतो. दोन्हीत फरक आहे, मोठा फरक आहे. पण दुसऱ्यालाही मी दारच म्हणेन. चहा आम्ही बाहेर येऊन टपरीवर प्यायलो. काकू म्हणाल्या, "मोरी मात्र लई चांगली होती."

मग चालत निघालो. गेटवेकडून रीगल सिनेमा, पुढं उजव्या हाताला मोठ्या घुमटाचं वस्तुसंग्रहालय, तेही विटेटचंच. पुढं काळा घोडा. तिथं एक जुनाट, मोडकळीला आलेली चार-पाच मजली इमारत आहे, लोखंडी सांगाड्याची. हेच ते वॉटसन हॉटेल. १८६०च्या दशकात सांगाडा विलायतेत ओतून बोटीनं इथं आणला आणि जोडला. ७ जुलै १८९६ला आपल्या देशातला पहिला सिनेमा इथंच दाखवला, तिकीट एक रुपया. आठवडाभरात हे खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात हलले आणि तिथं पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळ्या बैठका ठेवल्या. म्हणजे सिनेमा आला आणि पहिल्याच महिन्यात घरात कोंडलेल्या बायका तो पाहायला बाहेर पडल्या! ज्या हॉटेलच्या नावानं सगळी मुंबई दबायची, त्याच्याकडं आज मान वर करून कोणी पाहत नाही.

तिथून ओव्हल मैदानाच्या बाजूला गेलात की विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दिसतो. यासाठी थांबाच. कापसाच्या त्या भरभराटीत मुंबईत सगळ्यात मोठं नाव होतं प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याचं. त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. अट एकच, मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं. राजाबाई. १८६५च्या पडझडीत प्रेमचंदांची दौलत गेली, पण दान दिलेलं होतं ते राहिलं. १८६९ ते १८७८ काम चाललं. उंची दोनशे ऐंशी फूट, तेव्हा मुंबईत याहून उंच काही नव्हतं. वर चहूबाजूंनी पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत. लोक सांगतात, की राजाबाई आंधळ्या होत्या आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताच्या आत जेवायच्या. घड्याळाचे टोले ऐकून त्यांना वेळ कळावी म्हणून लेकानं हे केलं. ही लोककथा असेल. पण कापसाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या मोठ्या इमारतीवर घरातल्या बाईचं नाव आहे. एरवी राण्यांची नावं आहेत, पण राणी म्हणजे काही घरातली बाई नव्हे.

पुढं हुतात्मा चौक. तिथं फ्लोरा नावाच्या रोमन देवीचं कारंजं आहे, १८६४चं, आणि बाजूला हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून शंभराहून जास्त माणसांनी जीव दिला, त्यांचं हे स्मारक. इथं आमचे पाय दुखायला लागले. धाकटी म्हणाली, बस्स झाला इतिहास. तिचंही बरोबर होतं. वडापाव घेतला, कट्ट्यावर बसून खाल्ला आणि स्टेशनाकडं निघालो.

चालता चालता काकूंनी पुन्हा जळणाऱ्या घुमटाचा विषय काढला. म्हणाल्या, त्या रात्री आणखी कुठं कुठं झालं होतं? मी म्हटलं, आपण जिथं चाललोय तिथंच.

२६ नोव्हेंबर २००८ची रात्र. अतिरेकी हल्ल्यात शहरात मिळून १६६ माणसं गेली. ताजमध्ये एकतीस, त्यात पाहुण्यांना वाचवताना मेलेले तिथले कर्मचारीही होते. आणि या स्टेशनात अठ्ठावन्न. स्टेशनात जी मेली ती कोण होती? लांबच्या गाड्यांची वाट पाहत बसलेली, पिशवीवर डोकं ठेवून झोपलेली, डबा उघडून जेवत असलेली. म्हणजे आपण. टीव्हीवर मात्र तीन दिवस हॉटेल दिसत राहिलं, कारण तिथली चकमक २९ तारखेच्या सकाळपर्यंत चालली. हेही खरं. पण त्यामुळं काकूंच्या डोळ्यांपुढं घुमट राहिला आणि फलाट राहिला नाही. स्टेशनात त्या रात्री विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक कामावर होते. गोळीबार दिसताच ते माइकवरून लोकांना सांगत राहिले, इकडं येऊ नका, त्या बाजूनं बाहेर पडा. कितीतरी माणसं त्या आवाजावर वाचली.

स्टेशनातून ते दोघे अतिरेकी जवळच्या कामा रुग्णालयाकडं गेले. हे १८८६ साली खास बायका आणि मुलांसाठी निघालेलं रुग्णालय. कामा नावाच्या पारशी गृहस्थांनी पैसा दिला होता. पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा बाया मरण पत्करायच्या, म्हणून इथं डॉक्टरही बायकाच असाव्यात असं ठरलं आणि डॉ. एडिथ पीची विलायतेहून आल्या. आपल्या रखमाबाईंनीही डॉक्टर होऊन आल्यावर इथं काही काळ काम केलं. त्या रात्री इथं बाळंतिणींच्या वॉर्डात अंजली कुलथे नावाच्या परिचारिका ड्यूटीवर होत्या. त्यांच्या ताब्यात वीस गरोदर बायका. बाहेर गोळ्या चालू असताना त्यांनी दारं लावली आणि सगळ्या वीस जणींना वॉर्डाच्या टोकाच्या छोट्या स्वयंपाकखोलीत नेऊन दाटीवाटीनं बसवलं. त्यातल्या एकीला तेवढ्यात कळा सुरू झाल्या. तिला भिंतीच्या कडेकडेनं चालवत प्रसूतिगृहात पोचवलं. वीसच्या वीस वाचल्या. पुढं त्यांनी कोर्टात आरोपीला ओळखलं आणि २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढंही आपलं म्हणणं मांडलं.

ताजचा जळालेला भाग दुरुस्त होऊन २०१०च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उघडला. स्टेशन दुसऱ्याच दिवशी सकाळी सुरू झालं होतं. फरशी धुतली आणि गाड्या सुटल्या.

आम्ही पिशव्या सोडवल्या. दिवे लागले होते, घुमटावरची बाई अंधारात अर्धीच दिसत होती. काकू म्हणाल्या, "ते वैद्य म्हणत होतीस, त्यांचं नाव कुठं लिवलं हाय का इथं?" धाकटीनं मोबाईलचा उजेड मारत दोन-तीन पाट्या वाचल्या. साहेबाचं नाव सापडलं. तेवढ्यात गाडी लागल्याची घोषणा झाली आणि आमची पळापळ सुरू झाली.

कल्याण गेल्यावर काकूंनी भाकरी सोडली. राहिलेले पापड शेजारच्या बाईनं विकत मागितले, तिला तसेच दिले. पुढच्या वर्षी प्रदर्शनाला जाणाऱ्यांनी शेवटचा दिवस मोकळा ठेवा. सामान स्टेशनात ठेवा, सकाळी लवकर निघा आणि पायात जुनी चप्पल घाला. मी सांगितलेली वाट चालायला बसत-उठत चार तास पुरतात.